रिकाम्या पाइपातला आकडा

सातपूर, नाशिक
सोमवार, ५ जानेवारी २०२६

तीर्थरूप मामा,

नमस्कार. मामींनाही सांगा. आम्ही दोघं बरे आहोत. थंडीने मात्र इथे सगळ्यांची गाठोडी केली आहेत. हर्षाली मला कानटोपीशिवाय वर्कशॉपला जाऊ देत नाही, आणि कानटोपीवर हेल्मेट चढवलं की मी कसा दिसतो ते शेजारणीला बोलावून दाखवते.

पत्र बघून तुम्हाला हसू येईल. पण करणार काय? पाणी वापर संस्थेचा मोबाईल तुम्ही चाव्यांसोबत चेअरमन खंडेराव अण्णांच्या टेबलावर ठेवून आलात. मामींच्या फोनवर मी चार वेळा बोललो आणि चारही वेळा तुम्ही वावरात होता. एकदा तर मला मागून तुमचा खोकला ऐकू आला. म्हणून लिहितोय. गावातला सहादू टोमॅटो घेऊन इथल्या मार्केटला येतो, त्याच्या पिकअपमध्ये हे पत्र देतो. तो विसरणार नाही, फक्त पत्राला टोमॅटोचा डाग पडला तर माझ्या नावाने ओरडू नका.

मामा, मनाला लावून घेऊ नका एवढंच सांगायचंय. एकतीस वर्षं तुम्ही पाटकरी म्हणून धरणाच्या गेटची चावी सांभाळलीत. कोणाच्या वावराला किती वेळ पाणी, यावरून किती जण तुमच्या अंगावर धावून आले ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. आता त्या कटकटीतून सुटलात असं समजा. डिसेंबरात गेट बंद असताना मीटरवर बाराशे घनमीटर पाणी जास्त चढलं, पाणी वापर संस्थेने तुम्हाला विचारलं, तुम्ही चाव्या देऊन टाकल्या. झालं ते झालं. तुमच्यावर चोरीचा आळ कोणी घेतलेला नाही, हे अण्णांनी मला स्वतः सांगितलंय. "कोंडाजीचं वय झालं, रातचं उठून गेट उघडीत आसंल आन सकाळी इसरत आसंल," एवढंच ते म्हणाले.

तुम्हीही मामींपाशी तेच म्हणालात असं कळलं. थोरल्या मामांचं शेवटी जे झालं त्याची तुम्हाला भीती वाटते, हेही मामी बोलल्या. भीती वाटणं साहजिक आहे. म्हणून मी इथल्या एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सोमवार १९ जानेवारी, सकाळी अकरा. आदल्या दिवशी, रविवारी, संस्थेची सभा आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं या. मी स्टँडवर घ्यायला येतो.

मीटरबद्दल वेगळं काही लिहिण्यासारखं नाही. मीच बसवलेलं, नवीन आहे. सेन्सरची केबल सहादूच्या विहिरीवरच्या मोटरच्या केबलशेजारून गेली आहे, ती सवडीने वेगळी घ्यायचा विचार आहे. किरकोळ काम आहे ते.

एक मात्र ऐका. सभेत तुम्ही काही बोलायची गरज नाही. उगाच कोणी काही विचारेल, शब्दाने शब्द वाढेल. मागच्या रांगेत बसा, आणि नाही गेलात तरी चालेल.

तब्येतीला जपा. रात्री डोक्याला मफलर बांधा.

आपला भाचा,
दीपक


रविवार, ११ जानेवारी

चि. दीपक यास कोंडाजीमामाचा आशीर्वाद. सूनबाईला पण.

तुझं पत्र मिळालं. चष्मा लावून दोन डाव वाचलं. तुझं अक्षर लय बिघडलंय, घाईत लिहितोस काय. डाग पडला नाय.

डॉक्टरचं बरं केलंस. मी येणार हाय. थोरला भाऊ शेवटी घराच्या दारात उभा राहून घर कुठं म्हणून इचारायचा, ते मी पाह्यलंय. माझं तसं झालं तर साळूबाईनं कोणाकडं बघायचं. पोरी सासरी.

सभेत बोलू नको म्हणतोस. पण बोलावं लागंल बाबा. गावात लोकं येकमेकाच्या शेततळ्याकडं बघायला लागलेत. ज्याचं तळं भरलेलं त्याच्याकडं बोट. वरच्या आळीची खालच्या आळीशी भांडणं व्हायची येळ आलीय. म्हणून मी उठून सांगणार हाय का पाणी कोणी चोरलं नाय, माझ्या हातून गेट उघडं राह्यलं, मला ध्यान नाय, मला माफी करा. येकदा सांगितलं म्हंजे मिटंल.

तुझी मामी भांडत व्हती. तिनं माझी वही काढली. मी रोज सकाळी गेटच्या पुढच्या चेंबरमधी काठी बुडवून पाणी किती ते लिहितो ना, ती. आकडा चढत व्हता त्या चौदा दिवसात सगळीकडं "काठी कोरडी" लिहिलेलं हाय. ती म्हणली, हे बघा, पाणी गेलं असतं तर काठी ओली नसती का झाली? मी म्हणलो, साळू, ते बी मीच लिहिलंय. ज्याला गेट उघडल्याचं ध्यान नाय, त्याच्या लिहिण्याचं काय घेऊन बसली.

तूच दिवाळीच्या पाडव्याला मीटरच्या उद्घाटनात माइकवर बोलला व्हता, माणूस चुकेल, मीटर चुकणार नाही. मला ते लय आवडलं व्हतं. आन बघ, मी चाव्या दिल्या त्या दिसापासून आकडा थांबला. येक टिंब फिरलं नाय. म्हंजे मीच व्हतो.

आता रातच्याला मामीला भाईरून कडी घालायला सांगितलंय. ती पडवीत झोपते. थंडीनं खोकते पण ऐकत नाय, म्हणते तुमची चाहूल लागली पायजे.

येक इचारायचं व्हतं. तुझ्या मीटरमधी टाइम दिसतो का? मी किती वाजता उठून जात व्हतो तेवढं बघून सांग. त्या टायमाला मी जागं बसून राहीन. मंग कडी लावायची गरज नाय.

मामीनं तिळाचे लाडू दिलेत. कडक झालेत म्हणते, दात सांभाळून खा.

तुझा मामा,
कोंडाजी


सातपूर
शुक्रवार, १६ जानेवारी

मामा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो शेवटी लिहीन. तोवर वाचून झालं असेल, मग घ्यावासा वाटला तर घ्या.

तुमचं पत्र आणि लाडू संक्रांतीला सकाळी मिळाले. मी दाढी करत होतो, म्हणून हर्षालीने पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. कडीपाशी आली आणि ती ओळ तिने परत वाचली. पुढे टाइमचं वाचलं आणि थांबली. म्हणाली, "दिसते का हो वेळ तुमच्या मीटरमध्ये?" मी म्हणालो, "नाही." तिने आरशात माझा चेहरा बघितला. म्हणाली, "मग तुम्ही इतके का घाबरलात?"

तिला सगळं सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते आहे. काल मी गाडी काढली आणि तुमच्याकडे यायला निघालो. सिन्नरच्या पुढे आपल्या फाट्यापर्यंत आलो, चहा घेतला, आणखी एक घेतला आणि परत फिरलो. समोर बसलो की तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे कराल, मामी भाकरी टाकतील, आणि मी अर्थिंग, केबल असं काहीतरी सांगून उठेन. मला मी चांगला ओळखतो. म्हणून लिहितोय.

मीटर खोटं बोललं, मामा. तुम्ही गेट उघडलं नाही. एकाही रात्री नाही.

आता कसं ते सांगतो. पॅनेलवर दोन ओळी दिसतात ते तुम्हाला ठाऊक आहे. वरची ओळ आत्ता पाइपातून किती पाणी चाललंय ते सांगते. खालची आजवरचं सगळं पाणी एकावर एक चढवत जाते, ती मागे कधीच येत नाही. एकदा चुकीचं चढलं की ते तिथेच राहतं.

केबलपासून सुरुवात करतो. मोटरची केबल आणि मीटरची केबल एका चारीतून न्यायची नसते, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. तुम्ही पाडव्याच्या आधी मला म्हणालात, "दोन दिस दे, मी दुसरी चारी खणतो." मी म्हणालो, मुहूर्त जाईल. सहादूच्या मोटरची चारी उघडीच होती, त्यात माझी केबल टाकली आणि माती लोटली. मागच्या पत्रात मी त्याला किरकोळ काम म्हणालो. किरकोळ नव्हतं.

पण नुसत्या केबलने एवढं झालं नसतं. पाडव्याचा दिवस आठवा. पॅनेलला झेंडूचा हार, मामींनी लावलेलं हळदकुंकू, आजूबाजूच्या सहा संस्थांची माणसं, पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे. धरणाचं पाणी, म्हणजे आवर्तन, सुटायला अजून महिना होता, पाइप ठणठणीत कोरडा. अण्णांनी नारळ फोडला आणि सगळे मीटरकडे बघायला लागले. वर शून्य, खाली शून्य. पाणीच नाही तर दुसरं काय दिसणार? पण मागून कोणीतरी म्हणालं, "बंदच दिसतंय हे." अण्णा माझ्या कानाशी लागले, "दीपकशेठ, कायतरी हालू द्या की. पाव्हणे बघत्यात."

या मीटरमध्ये एक सोय असते. पाइप रिकामा आहे हे ते स्वतः ओळखतं आणि मोजायचं थांबतं. कारण पाणी नसलं की आतला सेन्सर आसपासची भलतीसलती वीज पकडतो आणि तिलाच पाणी समजतो. मी ती सोय बंद केली. बारीकसारीक आकडे गाळून टाकायची एक मर्यादा असते, तीही शून्यावर नेली. शेजारी सहादूची मोटर चालू होती. तिच्या केबलला माझी केबल चिकटलेली. लगेच आकडे नाचायला लागले. टाळ्या पडल्या. खालच्या ओळीत पहिलं पाणी चढलं, आणि ते पाणी जगात कुठेच नव्हतं.

मग अण्णांनी माइक हातात दिला आणि मी ते वाक्य बोललो. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होता. तुम्ही उपरण्याने डोळे पुसलेत ते मी पाहिलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शाल झाली, जेवणं झाली, आवर्तन सुटेपर्यंत मीटरची लाइट बंद करून ठेवली, आणि सेटिंग पुन्हा जागेवर आणायचं राहून गेलं. ते मात्र मी खरोखर विसरलो. विसरण्याची तपासणी कोणाची करायची तर ती माझी.

डिसेंबरात आवर्तन बंद झालं आणि पाइप उताराला रिकामा झाला. त्या पंधरवड्यात शेतीपंपांची थ्री फेजची लाइट रात्रीची होती. रात्री सहादूची मोटर चालायची आणि रिकाम्या पाइपात आकडा चढायचा. सकाळी मोटर बंद. तुम्ही जाऊन बघायचात तेव्हा वर शून्य, आणि खाली कालच्यापेक्षा जास्त. चावी तुमच्या उशाखाली. तुम्ही तरी दुसरं काय समजणार?

एवढंच असतं तर मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. एवढंच नाही.

बुधवार, २४ डिसेंबर. अण्णांनी मला मीटर तपासायला बोलावलं होतं. मीटर आहे त्या गेटजवळच्या व्हॉल्व्हच्या खोलीत अंधार म्हणून तुम्ही बॅटरी धरून माझ्या शेजारी उभे होता. मी पॅनेल उघडलं आणि सेटिंग तपासलं. पाडव्याला केलं होतं तसंच्या तसं. तुम्ही विचारलंत, "सापडलं का काय?" मी म्हणालो, "नाही मामा, सगळं बरोबर आहे." आणि ते म्हणता म्हणता मी बटणं दाबून सेटिंग जागेवर आणलं. तुमच्या समोर, तुम्ही धरलेल्या उजेडात. तुम्ही बॅटरी आणखी जवळ आणलीत, मला नीट दिसावं म्हणून.

बाहेर येऊन अण्णांनाही तेच सांगितलं. त्याच संध्याकाळी तुम्ही चाव्या दिल्यात.

आकडा त्या दिवसापासून थांबला तो तुम्ही चाव्या दिल्या म्हणून नाही. मी थांबवला म्हणून थांबला. माझं तोंड गप्प राहिलं आणि तो थांबलेला आकडा तुमच्याविरुद्ध साक्ष देत राहिला. हे तुमच्या पत्रात वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणजे आलं असेल, मी तिकडे बघत नव्हतो.

का केलं? नोकरी सोडून वर्कशॉप टाकलं त्याला दोन वर्षं झाली. त्या सहा संस्थांना माझ्याकडूनच मीटर बसवायची आहेत, रविवारच्या सभेला त्यांची माणसं येणार आहेत. पहिलंच मीटर चुकलं, आणि तेही मी दाखवण्यासाठी नाचवलं, हे कळलं तर मला कोण दारात उभं करणार? शिवाय मनात असंही आलं की चोरीचा आळ नाही, नुसतं वय झालं म्हणतात, मामा जरा आराम करतील. मला ते सोयीचं होतं. मामा, मला लिहायला लाज वाटते. मी तुम्हाला डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. सभेत बोलू नका म्हणून सांगितलं. आठवी ते दहावी तुमच्या घरी राहिलो, पाटावर तुमच्या मागे काठी घेऊन हिंडलो, पाणी मोजायची ओढ मला तिथेच लागली. आणि मी तुमच्याच डोक्यावर संशय बसू दिला. तुमचा तुमच्यावर.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मीटरमध्ये वेळ दिसत नाही. दिसली असती तर ती सहादूची मोटर चालू व्हायची वेळ असती. तुम्ही उठलाच नाहीत. चौदाही रात्री तुम्ही झोपलेले होता, आणि सकाळी उठून जे लिहिलंत ते खरं लिहिलंत. काठी कोरडीच होती.

रविवारी मी सभेत उभा राहणार आहे. पण तोंडी सांगण्यावर कोणी विश्वास ठेवावा असं माझं तोंड राहिलेलं नाही. म्हणून सगळ्यांना व्हॉल्व्हच्या खोलीपाशी नेणार. गेटला कुलूप, चावी अण्णांकडून घेऊन तुमच्या हातात. सहादूला मोटर लावायला सांगणार आणि मी पाडव्याला केलेलं सेटिंग पुन्हा करणार. रिकाम्या पाइपात आकडा चढताना सगळ्यांनी बघायचा. त्यानंतर तुमची वही वाचायची. वही आणि काठी दोन्ही घेऊन या. काठी माळ्यावर टाकली असेल तर मी काढून देतो.

तुम्ही माफी मागायची नाही. ते काम माझं आहे.

पुढची कामं बहुतेक जातील. हर्षालीला मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "गेली तर गेली. तिकडे मामी थंडीत बाहेर झोपताहेत." डॉक्टरांची वेळ मी रद्द केली आहे. तुम्हाला यायचंच असेल तर या, पण जेवायला या.

हे पत्र उद्या शनिवारी दुपारपर्यंत सहादू तुमच्या हातात देईल. मी मागोमाग तासाभराने येतो. हर्षाली गाडीवर मागे बसणार आहे, म्हणजे फाट्यावर चहाला थांबायची सोय नाही. मला भीती वाटते आहे, मामा. सभेची त्यामानाने कमी वाटते. तुम्ही पत्र घडी करून ठेवाल आणि मला काहीच बोलणार नाही, त्याची जास्त वाटते. शिव्या दिल्यात तर बरं होईल.

मामींचं अंथरूण आत न्या. बाहेरची कडी पुन्हा लावू नका, हवं तर आतून लावा. मी येऊन वाजवीन. उघडायची की नाही ते तुम्ही ठरवा.

राहिलेला नमस्कार,
ज्याचं चुकलं तो
दीपक